स्यूग्वेचा ड्रॅगन उघडेना

सकाळी देवापुढे उदबत्ती लावायची, गॅसवर पेज चढवायची आणि पेजेला उकळी फुटायच्या आत खाली दुकानात उतरून कॉम्प्युटर चालू करायचा, हा लाय स्यूग्वेचा वर्षानुवर्षांचा नेम. कॉम्प्युटरला जागं व्हायला वेळ लागे. तेवढ्यात ती वर जाऊन मुळ्याचं लोणचं कापून घेई, नवऱ्याला हाक मारी आणि पेजेचा वाडगा हातात धरूनच परत खाली येई. तोवर पडद्यावर भरतकामाच्या प्रोग्रॅमचं जांभळं फूल उमललेलं असे. मग तिचा दिवस सुरू होई.

त्या दिवशी फूल उमललंच नाही. त्याच्या जागी एक करडी चौकट आली, आत एवढंच लिहिलेलं: किल्ली सापडली नाही.

किल्ली तर जागच्या जागी होती. फार वर्षांपूर्वी प्रोग्रॅम विकत घेतला तेव्हा विकणाऱ्याने त्याच्याबरोबर बोटाच्या पेराएवढी एक वस्तू दिली होती. ती कॉम्प्युटरच्या पाठीत खुपसलेली असली तरच प्रोग्रॅम उघडायचा. कुणी चोरून नक्कल करू नये म्हणून ही तजवीज. स्यूग्वेने ती किल्ली उपसली, फुंकर मारली, ॲप्रनला पुसली, पुन्हा खुपसली. करडी चौकट हलली नाही.

"ही काय तुझ्या पाठीत आहे की!" ती कॉम्प्युटरला म्हणाली. "स्वतःच्या पाठीतलं दिसत नाही होय रे तुला?"

तैवानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या गावात माझूआईच्या थोरल्या देवळामागे एक गल्ली आहे. तिथे कुणी उदबत्त्या वळतं, कुणी देवांच्या मूर्ती कोरतं, आणि स्यूग्वेच्या घरात देवाचं कापड भरलं जातं. पालखीच्या छत्र्या, निशाणं, आणि देवीपुढच्या मेजावरून खाली सोडायच्या भरजरी झालरी. ती लग्न होऊन आली तेव्हा सगळं काम हातानं चाले. सासूबाई चौकटीवर लाल साटीन ताणून बसत, खाली कापूस भरून वर जर घालत, आणि बघता बघता कापडातून ड्रॅगनचं तोंड वर येई. समुद्रावर राहणाऱ्या लोकांची देवी, तिच्यापुढे ड्रॅगन हवाच. सासूबाईंचा ड्रॅगन पंचक्रोशीत ओळखू यायचा. इतरांचे ड्रॅगन चिडलेले असत. हा जरासा हसरा होता, जेवून उठल्यासारखा.

पुढे सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि घरात भरतकामाचं यंत्र आलं. यंत्राला टाके शिकवायचे ते या प्रोग्रॅममधून. स्यूग्वे कॉम्प्युटरपुढे बसे आणि सासूबाई शेजारच्या स्टुलावर. दिसायचं त्यांना थोडंच, पण बोट पडद्याला टेकवून सांगत राहत. "ही मिशी अशी मेल्यासारखी लोंबू देऊ नकोस गं. वारं लागलंय तिला. अन् खवले मानेपाशी लहान घे, म्हणजे मान वळवल्यासारखी दिसेल." असा एकेक खवला करत तो ड्रॅगन त्या प्रोग्रॅमच्या पोटात जाऊन बसला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी सासूबाई गेल्या.

म्हणून करडी चौकट बघून स्यूग्वेने किल्ली आणखी दोनदा उपसून खुपसली. त्यातून वेळही नेमकी अशी. माझूआईचा जन्मदिवस महिन्यावर आला होता. खाडीकाठच्या कोळीवाडीतल्या देवळाने नवं, रुंद मेज करून घेतलं होतं आणि जुनी झालर आता त्याला अपुरी पडत होती. देवळाच्या समितीचा म्होरक्या शुईमू स्वतः येऊन सांगून गेला होता, "वहिनी, नवी झालर लांब हवी, पण ड्रॅगन म्हातारीचाच हवा. आमच्या आईला दुसऱ्याची सवय नाही." आमची आई म्हणजे माझूआई. स्यूग्वे हो म्हणून बसली होती. ड्रॅगन मोठा करायचा म्हणजे प्रोग्रॅममध्ये उघडून, त्याचा एकेक भाग मापाने वाढवून, टाके नव्याने बसवायचे. आणि आता प्रोग्रॅमच उघडेना.

नवरा चिंगफा जिना उतरून खाली आला. आयुष्यभर मासळीचा ट्रक चालवलेला माणूस, आता घरी बसून बेसबॉलचे सामने बघायचा.

"काय झालं? कुणाशी भांडतेस?"

"उघडत नाहीये. कॉम्प्युटरला काही केलंस का?"

"मी? मी कशाला हात लावतोय?" चिंगफा म्हणाला, आणि पेज खायला घाईघाईने वर गेला.

दुपारी यूथाय स्कूटरवरून आला. बाजारात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. चाळिशीचा, पोट सुटलेला, बोलका. आल्या आल्या त्याने कॉम्प्युटरकडे बघितलंच नाही, कॉम्प्युटरच्या डोक्याकडे बघितलं.

"मावशी, हे काय? पिवळं?"

त्या मुलखात यंत्र म्हटलं की त्याच्यावर मक्याच्या गोड कुरकुरीचं हिरवं पाकीट ठेवलेलं असायचंच. बँकेत, इस्पितळात, अगदी विजेच्या खोलीतसुद्धा. हिरवं पाकीट बघून यंत्र शहाण्यासारखं चालतं. ते उघडायचं नाही, खायचं नाही, तारीख उलटली की नवं आणायचं. आणि हिरवंच हवं. पिवळं म्हणजे मसालेदार, ते यंत्रांना मानवत नाही.

स्यूग्वेने डोक्याला हात लावला. "मी हिरवं ठेवलं होतं. म्हाताऱ्या! खाली ये!"

चिंगफा अर्ध्या जिन्यात येऊन थांबला. "अगं, सामना रंगात आला होता, तोंडात टाकायला काही नव्हतं... आणि मी तसंच नाही ठेवलं काही, दुसरं आणून ठेवलं की!"

"पिवळं आणून ठेवलंस!"

"हिरवं संपलं होतं दुकानात."

"काका," यूथाय गंभीर चेहरा करून म्हणाला, "आता कशाला दुरुस्त करू? तुम्हीच माफी मागा त्याची."

पण त्याने खुर्ची ओढली आणि बसला. खरं कारण त्याला लगेच सापडलं. आदल्या दिवशी कॉम्प्युटरने आपण होऊन नवी सुधारणा घेतली होती. बनवणारे सगळ्या जगाच्या कॉम्प्युटरांना अशा सुधारणा पाठवत असतात. बहुतेकांचं त्याने भलंच होतं. फक्त या सुधारणेनंतर कॉम्प्युटर जुन्या प्रकारच्या किल्ल्या ओळखेनासा झाला होता.

"मग त्या प्रोग्रॅमवाल्यांना सांग ना नवी किल्ली द्यायला."

"कुणाला सांगू? ते दुकान बंद करून किती वर्षं झाली, मावशी. मालक आता डोंगरात चहा पिकवतो म्हणे."

"बरंय त्याचं."

यूथायने सुधारणा मागे घेतली. कॉम्प्युटर बंद झाला, चालू झाला, बराच वेळ स्वतःशी विचार करत बसला, आणि जांभळं फूल उमललं. स्यूग्वेने ड्रॅगन उघडून बघितला. तो तसाच होता, हसरा. तिने हात जोडले, ते देवीला की यूथायला हे यूथायला कळलं नाही.

जाताना त्याने इंटरनेटची तार उपसून गुंडाळली आणि खिळ्याला अडकवली. "ही परत लावायची नाही. लावली की तो ती सुधारणा पुन्हा खाली उतरवून घेणार, आणि तुम्ही बंद करायला गेलात की बसवून टाकणार. जन्मदिवस होईपर्यंत याला जगाशी बोलूच देऊ नका."

"नाही देत. पण तू चहा घेऊन जा. आणि हे शेंगदाण्याचे लाडू पोरींना."

नंतरचे काही दिवस फार छान गेले. हिरवं पाकीट जागेवर आलं. स्यूग्वे सकाळपासून ड्रॅगन वाढवत बसे. आधी शेपूट, मग पंजे, मग पाठ. खवले मोठे करताना मानेपाशी लहान ठेवायचे हे ती विसरली नाही. शेजारचं स्टूल रिकामं होतं, पण अजूनही ती त्यावर काही ठेवत नसे. फक्त डोकं राहिलं होतं. डोकं वाढवलं की सगळं यंत्रावर घालायचं आणि टाके सुरू.

मग एका संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याच्या गाडीचं गाणं वाजलं. ते वाजलं की सगळी गल्ली पिशव्या घेऊन धावत सुटते, कारण गाडी कुणासाठी थांबत नाही. स्यूग्वेची सवय अशी, की गाणं ऐकू आलं की कॉम्प्युटर बंद करायचा, दिवे घालवायचे आणि पिशवी घेऊन बाहेर पडायचं. यंत्रालाही विसावा हवा. तिने तसंच केलं. निघता निघता पडद्यावर काहीतरी गोल गोल फिरताना दिसलं, पण गाडी उदबत्तीवाल्या चेनबाईच्या दारापर्यंत पोचली होती.

सकाळी करडी चौकट परत हजर.

स्यूग्वेने खिळ्याकडे बघितलं. खिळा रिकामा होता. तार कॉम्प्युटरच्या पाठीत होती.

"म्हाताऱ्या," ती हळू आवाजात म्हणाली. ती ओरडली असती तर चिंगफाला बरं वाटलं असतं.

"काल तू बाजारात गेलीस ना, तेव्हा," तो म्हणाला. "वरचा टीव्ही मधेच अडकत होता. शेवटचा डाव, तीन खेळाडू तळांवर... खाली याच्यावर बघायला जरासाच वेळ तार लावली गं. मग विसरलो."

"जिंकले का तरी?"

"हरले."

यूथाय आला, त्याने पुन्हा तेच सगळं केलं, पण या खेपेला कॉम्प्युटरने जुनं काही जपून ठेवलंच नव्हतं. मागे जायची वाट बंद. यूथाय बराच वेळ झगडला, घामाघूम झाला, चहाही नको म्हणाला.

"जुना कॉम्प्युटर शोधतो कुठेतरी, जुन्याच व्यवस्थेचा. त्यावर चालेल. पण कधी मिळेल ते नाही सांगता येत, मावशी. एवढं जुनं आता कोण ठेवतं?"

एक मात्र शिल्लक होतं. जुन्या मापाचा ड्रॅगन, टाक्यांसकट तयार, भरतकामाच्या यंत्राच्या स्वतःच्या आठवणीत होता. तो काढायला प्रोग्रॅम लागत नव्हता. पण यंत्राला टाके बसवायची अक्कल नाही, ते नुसतं ओढून मोठं करतं. स्यूग्वेने एका तुकड्यावर मोठं डोकं काढून बघितलं. टाके लांब लांब गेले, मधून साटीन दिसायला लागलं. ड्रॅगन केस गळलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसत होता.

"माझ्यासारखा दिसतो," चिंगफा म्हणाला. तिला हसू आलं, आणि आलं म्हणून रागही आला.

त्याच दिवशी शुईमू बघायला आला. पायात गमबूट, हातात कालवांची पिशवी, वहिनीसाठी. सगळं ऐकून घेतल्यावर तो टोपी काढून डोकं खाजवत बसला.

"वहिनी, राग मानू नका. समितीतली तरणी मंडळी म्हणतात, शहरातल्या दुकानात तयार झालर मिळते, लांबरुंद, आठवड्यात घरपोच. मी त्यांना दाबून ठेवलंय. पण आईच्या जन्मदिवसाला मेज उघडं राहिलं तर मी तोंड कुठे लपवू?"

"तिथला ड्रॅगन कसा आहे?"

"फोटो बघितला." शुईमू जरा घुटमळला. "दात फार दाखवतो."

"मला उद्यापर्यंत वेळ द्या, शुईमूदादा."

तो गेल्यावर ती सासूबाईंच्या स्टुलासमोर तशीच बसून राहिली. शहरातली झालर एकदा तिथे लागली की पुढची पंधरा-वीस वर्षं तीच राहणार. मग कोळीवाडीतली पोरं तोच ड्रॅगन बघत मोठी होणार आणि म्हातारीचा ड्रॅगन कुणाला आठवणारही नाही. बसल्या बसल्या तिने जुन्या मापाचा चांगला ड्रॅगन कागदावर ठेवून बघितला. तो मधोमध शोभत होता. फक्त दोन्ही अंगांना रिकामं कापड उरत होतं.

रिकामं कापड. आणि ड्रॅगन राहतो कुठे?

तिने पिशवीतलं एक कालव उचललं, त्याच्या शिंपल्यावरच्या रेघा बघितल्या, आणि परत ठेवलं. मग छत्री घेऊन थोरल्या देवळात गेली.

देवळात गर्दी नव्हती. तिने उदबत्त्या लावल्या, आपलं नाव सांगितलं, गल्ली सांगितली, आणि मनातल्या मनात विचारलं: आई, ड्रॅगन यंत्राचा आणि समुद्र माझ्या हाताचा, असं चालेल का तुला? हातानं घालायची सवय गेली आहे. लाटा सरळ येतील याचा भरवसा देत नाही.

कौल लावायच्या लाकडाच्या दोन चंद्रकोरी तिने खाली टाकल्या. दोन्ही सपाट बाजू वर करून पडल्या. म्हणजे आई हसते आहे, उत्तर देत नाही.

"हसायला काय झालं?" स्यूग्वे पुटपुटली. मग तिच्या लक्षात आलं. लाट सरळ कधी असते? तिने प्रश्न नीट विचारला, भरवशाची गोष्ट वगळून. एक कोर पालथी पडली, एक उताणी. हो. पुन्हा टाकल्या. हो. तिसऱ्यांदाही हो.

घरी येऊन तिने माळ्यावरून सासूबाईंची लाकडी चौकट काढली. वाळवी लागली नव्हती, फक्त दोऱ्या बदलाव्या लागल्या. यंत्राने मधल्या कापडावर ड्रॅगन घातला, खडखड करत, एका दिवसात, एकही टाका न चुकता. मग ते कापड चौकटीवर चढलं.

पहिली लाट तिने तीनदा उसवली. बोटं जाड झाली होती, सुईचं नाक दिसायचं नाही. चिंगफा शेजारी घुटमळत होता. बरेच दिवस तो घरात पाऊल न वाजवता चालत होता.

"सुया ओवून देऊ का?"

"तुला दिसतं?"

"रात्रीच्या धुक्यात ट्रक चालवलाय मी. सुईचं भोक काय चीज आहे."

तो खरंच चांगल्या ओवायचा. निळे, पांढरे, हिरवट दोरे आणि जर, सगळ्या सुया स्पंजावर ओळीने खोचून ठेवायचा. बसायला त्याने सासूबाईंचं स्टूल ओढलं तेव्हा स्यूग्वेने एकदा बघितलं, पण उठ म्हणाली नाही. त्याची आईच ती.

"आई लाटेच्या टोकाला पांढऱ्याचे गाठीचे टाके घालायची," एकदा तो आपणहून म्हणाला. "फेस म्हणून. लहान असताना मी ते नखाने उचकटायचो. मार खाल्लाय त्याच्यापायी."

स्यूग्वे हे साफ विसरली होती. तिने गाठीचे टाके घातले, आणि समुद्र हलल्यासारखा दिसायला लागला. हळूहळू हात आठवत गेला. डावीकडच्या लाटा जरा बुजऱ्या आल्या, उजवीकडच्या मोकळ्या. दोन्हींत फरक दिसत होता, पण उसवायला आता वेळ नव्हता, आणि खरं म्हणजे इच्छाही नव्हती. संध्याकाळी कचऱ्याच्या गाडीचं गाणं वाजलं की चिंगफाच पिशवी घेऊन पळायचा.

पालखी निघायच्या आदल्या सकाळी शुईमूचा टेम्पो आला. कोळीवाडीच्या देवळात सगळ्यांनी मिळून झालर मेजावर सोडली. पंख्याच्या वाऱ्याने ती जराशी हलली आणि ड्रॅगन जणू लाटांतून मान वर काढून बघायला लागला. समितीतली तरणी मंडळी जवळ येऊन बघत राहिली. एका म्हाताऱ्या कोळणीने हात पुसून फेसाच्या गाठींवरून बोट फिरवलं.

"इकडे भरती आहे," ती उजवीकडे दाखवत म्हणाली, "आणि इकडे अजून ओहोटी. बरोबर काढलंय बाई."

स्यूग्वेने चिंगफाकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

"असंच ठरवलं होतं," स्यूग्वे म्हणाली, आणि मग देवीसमोर आहोत हे आठवून घाईने पुढे म्हणाली, "म्हणजे, ठरवलं नव्हतं. तसं झालं."

शुईमू हसला. "वहिनी, मग पुढल्या साली निशाणंही अशीच, हातच्या लाटांची."

"निशाणं यंत्रावर होतील. माझ्या डोळ्यांचा ठेका नाही घेतला तुमच्या समितीने."

जन्मदिवसाची धामधूम सरली, फटाक्यांचा लाल कचरा झाडून झाला, आणि एका दुपारी यूथाय स्कूटरवर एक पिवळट पडलेला कॉम्प्युटर बांधून आला. मत्स्यखाद्याच्या दुकानात अडगळीत पडला होता, अजून कोळंबीच्या भुकटीचा वास येत होता. त्याने प्रोग्रॅम चढवला, स्यूग्वेने स्वतःच्या हाताने किल्ली खुपसली, आणि जांभळं फूल उमललं. जुन्यातला सगळा माल यूथायने इकडे आणून ठेवला. वाढवलेला ड्रॅगन होता, बिनडोक्याचा, जसा त्या संध्याकाळी राहिला होता तसा.

"याला तार लावायची जागाच नाहीये," यूथाय चिंगफाला म्हणाला. "मी चिकटवून बंद केली."

"आणि याच्यावर मी सामने बघायचे," चिंगफाने दुसऱ्या कॉम्प्युटरवर हात ठेवला. "हा कितीही सुधारू दे."

स्यूग्वेने दोन नवी हिरवी पाकिटं आणून दोन्ही कॉम्प्युटरांच्या डोक्यावर ठेवली. थोडा विचार करून तिसरं एक नवऱ्याच्या हातात दिलं.

"हे खायचं. ती दोन नाहीत."

मग खुर्ची ओढून ती बसली आणि ड्रॅगनचं राहिलेलं डोकं वाढवायला घेतलं, मिशीपासून.